कपाट कुठे पडेल?

आगाशीच्या बाजारात कोनफळं दिसायला लागली की माझी मान आपोआप वर जाते, पंख्याकडे. थंडी आली की बाकीच्यांना कोनफळाची उकडहंडी आठवते, दारावर लावायच्या नाताळच्या चांदण्या आठवतात, तळाशी गेलेली शाल आठवते. मला बंद पंखा आठवतो. उन्हाळ्यात पंखा फिरत असतो, जमीन थोडी हलली तरी तो काही सांगत नाही. थंडीत तो गप्प लटकलेला असतो. गप्प लटकलेली वस्तू आपोआप हलली, तर मग विषय पंख्याचा राहत नाही.

परवा कोनफळं निवडत होते. भाजीवाली म्हणाली, "सोलायच्या आधी हाताला तेल लाव हां, नाहीतर रात्रभर खाजवत बसशील." मी हो म्हटलं आणि तिच्या डोक्यावरची ताडपत्री कशाकशाला बांधली आहे ते बघत राहिले. एक दोरी विजेच्या खांबाला, एक गटाराच्या जाळीला, एक कुणाच्या तरी खिडकीच्या ग्रिलला. पडली तर कुठल्या बाजूला पडेल? भाजीवालीनं पिशवी पुढे धरली तरी मी तिथेच. ही सवय त्या हिवाळ्यानं लावली. तो हिवाळा कधीच संपला. सवय काही जात नाही.

त्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या वरच्या अंगाला, डहाणू-तलासरीकडे, जमीन सारखी हलत होती. तिकडची माणसं ऐन थंडीत घराबाहेर ताडपत्रीखाली झोपत होती. आम्ही ते मोबाईलवर बघायचो, चुकचुकायचो, पुढे सरकवायचो. जिल्हा एकच, पण विरारच्या माणसाला डहाणू परमुलुखासारखं वाटतं. मग एका सकाळी आई ओट्याशी भाकरी थापत होती आणि मांडणीतली ताटं दात वाजल्यासारखी वाजली.

"बाय, पंखो कोणी लावलो?"

कोणीच लावला नव्हता. पंखा फिरत नव्हता, डुलत होता. देवळातली घंटा कुणीतरी वाजवून गेल्यावर डुलते तसा. आम्ही दोघी तोंड वर करून त्याच्याकडे बघत उभ्या राहिलो. भाकरी करपली. आम्हाला सुचलं ते एवढंच, बघत राहणं.

बाकीच्यांना मात्र सुचलं. सगळी बिल्डिंग जिन्यात धावली आणि जिन्यातच अडकली. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. त्यामुळे प्रत्येक मजल्यावर, जिन्याच्या वळणावर, निळे ड्रम उभे. ज्याचं घर त्याचा ड्रम, ज्याचा ड्रम त्याचा कोपरा, त्यावरून झालेली भांडणं वेगळीच. वर गच्चीत प्रत्येकाची स्वतःची काळी टाकी. बिल्डिंग बांधली तेव्हा एक टाकी होती, आता गच्चीत उभं राहायला जागा नाही. खाली सगळं खांबांवर, कारण पार्किंग हवं. म्हणजे बिल्डिंगचे पाय काठीचे आणि डोक्यावर पाण्याचा हंडा. ही रचना कुठल्या एका माणसानं ठरवून केलेली नाही. नळ कोरडा ठेवणाऱ्यांनी सुरुवात केली, आम्ही ती डोक्यावर रचत नेली.

मी चिडले. चिडले की मी पत्रक लिहिते. मला दुसरं काही येत नाही. कॉलेजपासून आमचा गट पाण्यावर, रस्त्यांवर, कचऱ्यावर पत्रकं काढतो. पत्रकाचा नियम साधा: पहिल्या ओळीत दोषी कोण, शेवटच्या ओळीत मागणी काय. इथे पहिल्या ओळीपाशीच गाडी अडली. जमिनीवर मोर्चा कसा नेणार? म्हणून सरळ सूचना छापल्या. घाबरू नका. जिन्यात धावू नका. मजबूत टेबलाखाली बसा, डोकं झाका, टेबल धरून ठेवा.

आईनं पत्रक ओट्यावर ठेवलं, चष्मा लावला, वाचलं, आणि संतापली. संतापली की तिची मालवणी बाहेर येते.

"टेबल खंय आसा?"

मी घरभर नजर फिरवली. आम्ही जेवतो जमिनीवर. माझा लॅपटॉप दिवाणावर. दिवाणाच्या पोटात गाद्या, जुनी भांडी, गणपतीचं मखर. त्याच्याखाली उंदीरही शिरणार नाही. मी खाली गेले, वर गेले, ज्यांची दारं उघडी होती त्यांच्याकडे डोकावले. सगळीकडे तेच. बॉक्सचा दिवाण, टीव्हीचं शोकेस, लोखंडी कपाट. आख्ख्या बिल्डिंगमध्ये माणूस मावेल असं टेबल नव्हतं, आणि मी घराघरांत टेबलाखाली बसायचा सल्ला वाटून आले होते. शहाणपण तयार कुठे होतं, कुणाच्या घरात बसून, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट दिसलं. ते मोठ्या घरात तयार होतं. आमच्याकडे येईपर्यंत त्याला बसायला जागा नसते.

रोझिटा उमेळ्याची. शाळेत शिकवते, आमच्या गटात आहे, आणि कुठल्याशा प्रशिक्षणातून ती एक खेळ शिकून आली होती. "पत्रक फाड," ती म्हणाली. "लोक वाचून विसरतात. खेळून हरले तर लक्षात ठेवतात. हरलेलं कुणी विसरतं का?"

खेळ असा. पार्किंगच्या फरशीवर प्रत्येकानं खडूनं आपलं घर काढायचं, खऱ्या मापाचं. कपाट कुठे, शोकेस कुठे, ड्रम कुठे, सगळं आखायचं. मग त्यात आपण रोज जिथे असतो तिथे जाऊन बसायचं. शिट्टी वाजली की घरातल्या घरात सुरक्षित जागा शोधायची आणि डोकं झाकून गप्प राहायचं. मग रोझिटा हातात काठी घेऊन येणार, कपाटाच्या उंचीची. कपाटाच्या पायाशी काठीचं टोक टेकवून ती आडवी टाकायची. काठी अंगावर आली तर बाद. कबड्डीत बाद होतात तसं.

रविवारी सकाळी गाड्या बाहेर काढल्या. थंडीचं ऊन खांबांमधून तिरकं आत येत होतं, खडूची पांढरी भुकटी त्यात तरंगत होती. बायका मॅक्सीवर स्वेटर घालून आल्या होत्या. कुणाच्या हातात चहा, कुणाच्या हातात निवडायची मेथी.

"आधी आपापलं घर काढा. खऱ्या मापाचं," रोझिटा म्हणाली.

"खरं म्हणजे कुठलं? बिल्डरनं सांगितलेलं का राहतो ते?" शिंदे काकींनी विचारलं. सगळे हसले. मीही हसले, पण तो प्रश्न विनोद नव्हता.

मग जे झालं ते मला अजून स्वच्छ दिसतं. माणसं वाकून आपलं घर आखत होती आणि प्रत्येकानं ते मोठं आखलं. जाणूनबुजून कुणीच नाही. हॉल जरा ऐसपैस, मोरी जरा लांब, स्वयंपाकघरात फिरायला जागा. मनातलं घर तेवढंच असतं. रोझिटा टेप घेऊन मागून येत होती, मोजत होती, ओल्या फडक्यानं पुसत होती आणि आत सरकवून पुन्हा आखत होती. तिनं एकेकाचं घर आवळत नेलं.

"एवढासाच आपला हॉल?" शिंदे काकी चौकटीच्या मधोमध उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हात पसरून बघितले आणि हळूच खाली घेतले. "भिंती असल्या की कळत नाही बाई."

शिंदे काका म्हणजे आमच्या सोसायटीचे चेअरमन. साताऱ्याकडचे, पाटणचे. त्यांना हे सगळं मान्यच नव्हतं. त्यांचा फ्लॅट विकायला काढलेला होता, त्या दुपारी बघायला माणसं यायची होती, आणि इथे पार्किंगमध्ये बायका डोक्यावर हात घेऊन गुडघ्यात मान घालून बसलेल्या.

"पोरी, हे काय लावलंयस? पोलिसांनी मेलेल्या माणसांभोवती रेघा मारल्यागत दिसतंय. येणारा माणूस गेटातनंच परत जाईल."

"मग तुम्हीही खेळा काका. रेघेच्या आत बसा, म्हणजे जिवंत दिसाल," मी म्हटलं.

"मला नको शिकवू. आमच्या गावाला आठवड्याला हलतं. लहानपणापासनं बघतोय. हललं की अंगणात यायचं, थांबलं की घरात जायचं. एवढं सोपं हाय."

"बरं, या अंगणात," रोझिटा म्हणाली आणि शिट्टी वाजवली. काका खरोखर धावले. खडूच्या दारातून बाहेर, खडूच्या जिन्यात. तिथे रोझिटानं खरे ड्रम आणून ठेवले होते. काका पहिल्याच वळणावर ड्रमला धडकले, मागून धावणारे तिघं त्यांच्यावर. पाण्याचा लोट पार्किंगभर गेला आणि दोनतीन घरं वाहून गेली.

"बाद," रोझिटा म्हणाली.

"म्हंजे काय बसून मरायचं व्हय?"

"डोकं झाकून बसायचं काका. हलत असताना जिन्यात यायचं नाही. थांबलं की मग उतरायचं. तुमच्या गावच्या घराला अंगण होतं. इथे अंगण चार मजले खाली आहे."

काका ओल्या पायजम्यानं उभे राहिले. "अंगण," ते एवढंच म्हणाले आणि फाटकाबाहेर बघितलं. बाहेर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत होती.

आईचा खेळ सगळ्यात शेवटी झाला. गुडघ्यांमुळे ती उतरायलाच तयार नव्हती. शिंदे काकी तिला धरून घेऊन आल्या. तिनं सगळं बरोबर आखलं. ओटा, देवांचा कोनाडा, दिवाणावरची माझी जागा, ड्रम. कपाट तर तिनं नुसतं आखलं नाही, त्याच्या दाराला आरसाही काढला. ते कपाट बाबांनी पहिल्या पगारातून घेतलेलं. बाबा गेले, कपाट राहिलं. गावाहून मुंबईच्या खोलीत, खोलीतून विरारला, प्रत्येक वेळी ते आधी चढलं आणि मग आम्ही.

"काकू, तुम्ही कुठे झोपता?" रोझिटानं विचारलं.

आई स्वतःला काढायला विसरली होती. तिनं कपाट आणि दिवाण यांच्या मधल्या पट्टीत बोट दाखवलं. पाठीसाठी ती खाली झोपते. "ही एवढीच जागा."

ती तिथे आडवी झाली. पार्किंगच्या फरशीवर, पदर नीट करून. रोझिटानं कपाटाच्या पायाशी काठी टेकवली आणि सोडली. काठी आईच्या छातीवरून जाऊन उशीच्या जागेवर टेकली. हळूच टेकली, रोझिटानं हात धरूनच टाकली होती. तरी फरशीवर लाकडाचा आवाज झाला.

"बाद झालंय मी?" आईनं डोळे न उघडता विचारलं.

मग आम्ही कपाट हलवायला घेतलं, म्हणजे खडूतलं. समोरच्या भिंतीला लावलं तर काठी माझ्या दिवाणावर. दाराशेजारी लावलं तर पडून दारच बंद. खिडकीकडे लावलं तर ग्रिल झाकलं जातं. ग्रिलला तसंही कुलूप, किल्ली कुठे ते शोधावं लागेल. आम्ही पुसत होतो, आखत होतो, काठी टाकत होतो. बिल्डिंगमधली सगळी माणसं भोवती जमून सुचवत होती, जसं कुणाचं तरी कोडं सगळ्यांनी मिळून सोडवावं. प्रत्येक उत्तरात कोणीतरी मरत होतं. माझं लहानपणापासूनचं घर, ज्याला मी कधी अडचणीचं म्हटलं नव्हतं, ते त्या फरशीवर पिंजऱ्यासारखं पडलेलं होतं आणि त्याला एकही मोकळा कोपरा नव्हता.

रोझिटा घरी निघाली तेव्हा मी तिला म्हटलं, "तुझं बरं आहे. बैठं घर, मागे वाडी. हललं की केळींत जाऊन उभी राहा."

ती चिडली नाही. तिनं मला तिच्याकडे नेलं. चिकूची झाडं, केळी, विहिरीचा गारवा, पडवीत वाळणारे कपडे. तिचे वडील आतून त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी ओरडले, तिनं तसंच ओरडून उत्तर दिलं. मग म्हणाली, "वर बघ." वाडीच्या तिन्ही बाजूंना बिल्डिंगा होत्या, आमच्यासारख्याच, खांबांवर उभ्या, डोक्यावर टाक्या. त्यांच्या सावल्या केळींवर पडल्या होत्या. "आता काठी टाक," ती म्हणाली. "सांग मला, मी कुठल्या झाडाखाली उभी राहू?"

सावलीच काठी होती.

कपाट भिंतीला जखडायचं, हे उत्तर सगळ्यांना माहीत होतं. वरच्या कडेला लोखंडी पट्ट्या लावायच्या, स्क्रूनं भिंतीत पक्क्या करायच्या. एवढं साधं. आणि ड्रिल मशीन कोणाकडे होतं? शिंदे काकांकडे. त्यांचा फ्लॅट बघायला आलेली माणसं त्या दुपारी खरोखर गेटातून परत गेली होती, आणि मला वाटलं होतं काका आता माझं तोंड बघणार नाहीत. ते संध्याकाळी स्वतः मशीन घेऊन आले. "तुझ्या आईला तसं झोपलेलं बघितलं," म्हणाले. "बरं नाही वाटलं."

ते स्टुलावर चढले. मशीन घुरघुरलं आणि पुढच्या क्षणी आवाज बदलला, जणू भिंत संपली. काकांचा हात खांद्यापासून पुढे गेला. भोकातून वाळू गळायला लागली. सिमेंट नाही, विटेची लाल भुकटीही नाही. वाळू. बारीक, करडी, थांबतच नव्हती. तिनं काकांचे पाय भरले, कपाटाचा माथा भरला, आईनं घाईघाईनं पातेलं खाली धरलं, जसं गळक्या छताखाली धरतात. काकांनी स्क्रूसाठी प्लग ठोकला, तो आत गेला आणि हरवला. त्यांनी दुसरीकडे भोक पाडलं. तिथेही तेच.

काका खाली उतरले. चिमूटभर वाळू घेतली, बोटांत चोळली, जिभेच्या टोकाला लावली. मग आईकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"खारट हाय," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "लिहू नको हां पोरी. हात जोडतो."

इथे माझ्यातली पत्रकवाली उठून उभी राहायला हवी होती. पहिल्या ओळीत दोषी कोण, ते पातेल्यात जमा झालेलं होतं. खाडीची वाळू भिंतीत भरून निघून गेलेला माणूस, ती भरताना दुसरीकडे बघणारी माणसं. मी रात्री मजकूर लिहिलाही. लिहिता लिहिता शेवटच्या ओळीशी आले, मागणी काय. आणि थांबले. समजा मी बिल्डिंगचं नाव लिहिलं. समजा कुणीतरी ते मनावर घेतलं, तपासलं, धोकादायक म्हणून दारावर नोटीस चिकटवली. रिकामी करा. मग आई कुठे जाईल? शिंदे काका, काकी कुठे जातील? ज्यानं वाळू भरली तो त्याच्या भक्कम घरात. आणि आम्ही, ज्यांनी खरं सांगितलं, ताडपत्रीखाली. न सांगितलं तर घर अंगावर, सांगितलं तर घर हातातून. हा पिंजरा भूकंपानं बनवलेला नाही. भूकंप अजून आलेलाही नाही.

तुम्ही म्हणाल, मग या लेखात तरी नाव लिही. नाही लिहिणार. आमच्या पट्ट्यात राहत असाल तर आपल्याच भिंतीत एक भोक पाडून बघा, म्हणजे नाव कळेल.

कपाटाचं उत्तर शेवटी आईनं काढलं. दोन दिवस ती पातेल्यातल्या वाळूकडे बघत होती. फेकत नव्हती, कुंडीतही टाकत नव्हती. तिसऱ्या सकाळी तिनं शिंदे काका-काकींना वर बोलावलं. कपाट रिकामं करून ठेवलेलं होतं.

"आडवा करा त्याका," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पडतला पडतला म्हणतास ना? तर पडूचा नंतर कित्याक? आताच पाडा." मग आमच्या तोंडांकडे बघून तिनं शहाण्या मराठीत सांगितलं, जणू शाळेतल्या पोरांना सांगावं, "पडलेलं कपाट परत पडत नाही."

आम्ही ते चौघांनी धरून पाठीवर झोपवलं. बाबांचं कपाट, जे प्रत्येक घरात आधी चढलं होतं. आईनं त्याच्या कडेवरून हात फिरवला, जसा आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवतात, आणि त्याच्या आत साड्या पुन्हा लावायला बसली. काकी म्हणाल्या, "आता दार वर उघडणार, पेटीसारखं." काका म्हणाले, "बसायलाबी झालं." कुणी हसलं नाही, पण सगळे त्यावर बसले आणि आईनं चहा केला.

खेळ नंतर बंद झाला. पार्किंगमधल्या रेघा गाड्यांच्या चाकांनी नेल्या. वळणावरचे ड्रम मात्र काकांनी उचलायला लावले. त्यावरून महिनाभर भांडणं झाली आणि तरी ते उचलले गेले. काकांचा फ्लॅट विकला गेला नाही. त्यांनी विकायचा थांबवला. "दुसऱ्या कुणाच्या गळ्यात कसा घालू," म्हणाले, "मला म्हाईत असताना." गच्चीतल्या टाक्या आहेत तशाच आहेत. पाणी अजून एक दिवसाआड येतं.

परवा कोनफळं घेऊन घरी आले. आईनं हाताला तेल लावलं आणि सोलायला बसली, कपाटावर. आता हेच आमचं टेबल, हीच बैठक, हाच तिचा पलंग. मधली पट्टी मोकळी झाली आहे, तिथे एक माणूस गुडघ्यात डोकं घालून बसू शकतो. दोघी बसलो तर खांद्याला खांदा लागतो. आम्ही करून बघितलं आहे.

शाल काढायला मी गोधडी बाजूला केली. दाराचा आरसा आता छताकडे बघतो. त्यात पंखा दिसला, खोल विहिरीत लटकल्यासारखा, स्थिर. मी बघत राहिले. आईनंही वाकून बघितलं.

"हलता?"

"नाही."

रोझिटाची काठी अजून दाराआड आहे. मी ती उगाच हातात घेतली आणि घरभर नजर फिरवली, कुठे टेकवून टाकावी म्हणून. शोकेस आम्ही देऊन टाकलं. ड्रम खाली गेला. आमच्या घरात आता उभं असं काहीच उरलेलं नाही. घर सोडून.